काट्याची उलटतपासणी

आउटबोर्ड होडीच्या डॅशवरचा आरपीएम मीटर इंजिनाचे फेरे मोजत नाही. वर्षानुवर्षं होडी चालवणाऱ्यांनाही हे पटकन पटत नाही, कारण तबकडीवर तर ठळक अक्षरांत ‘आरपीएम’ असंच लिहिलेलं असतं. पण बहुतेक साध्या आउटबोर्ड इंजिनांत त्या काट्याला क्रँकशाफ्ट दिसत नाही, पिस्टन दिसत नाही, पंखा तर नाहीच नाही. त्याला दिसते ती फक्त बॅटरी चार्ज करणाऱ्या कॉइलमधली वीज. त्या विजेचे ठोके तो मोजतो, एका ठरलेल्या आकड्याने भागतो आणि आलेलं उत्तर आपल्याला दाखवतो. पंगतीला किती माणसं जेवली हे उष्ट्या पत्रावळी मोजून सांगावं, तसा हा प्रकार. एका माणसामागे एकच पत्रावळ असेल तर हिशेब जुळतो. दोन-दोन घेतल्या असतील आणि मोजणाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर माणसं तेवढीच राहतात आणि आकडा मात्र दुप्पट होतो.

म्हणून मीटर चुकायला लागला की नवा केवढ्याला मिळतो याची चौकशी नंतर करावी. आधी तो कशा तऱ्हेने चुकतोय ते नीट बघावं. नेमका दुप्पट दाखवतो की अर्धा, चालता चालता शून्यावर पडतो की नुसता थरथरतो, दिवे लावले की सरकतो की बॅटरी भरली की झोपतो, या प्रत्येक तऱ्हेमागचा बिघाड वेगळ्या जागी असतो. आणि ती जागा मीटरच्या डब्यात असण्याची शक्यता, लोक समजतात त्यापेक्षा बरीच कमी आहे.

फिरत्या यंत्राचा वेग दाखवणारी उपकरणं विजेच्या दिव्यापेक्षा जुनी. ब्रायन डॉन्किन या इंग्रज अभियंत्याला अशा एका उपकरणासाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १८१० मध्ये सुवर्णपदक दिलं होतं. पुढे शाफ्टपासून तबकडीपर्यंत फिरती केबल नेणारे मीटर आले. त्यांना खरोखरच फेरे ‘दिसत’ असत. पण आउटबोर्ड इंजिन ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर, डावी-उजवीकडे वळतं, उथळ पाण्यात वर उचललं जातं. त्याच्यापासून डॅशपर्यंत फिरती केबल ओढण्यापेक्षा एक बारीक वायर नेणं कितीतरी सोयीचं, आणि ठोके पाठवणारी कॉइल तर इंजिनात आयतीच होती.

ती कॉइल कुठे असते? इंजिनाचं वरचं झाकण काढलं की सगळ्यात वर जड फ्लायव्हील दिसतं. त्याच्या आतल्या कडेला चुंबकांचे ध्रुव असतात, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण अशा क्रमाने. फ्लायव्हीलच्या पोटात, न हलणाऱ्या लोखंडी गाभ्यावर, तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्याला स्टेटर म्हणतात. फ्लायव्हील फिरलं की वेटोळ्यांसमोरून एक उत्तर ध्रुव जातो, मग एक दक्षिण, आणि वीज एकदा वर एकदा खाली अशी हेलकावते. ध्रुवांच्या एका जोडीमागे एक ठोका. बारा ध्रुव असतील तर एका फेऱ्यात सहा ठोके, सहा असतील तर तीन, चार असतील तर दोन. बारा ध्रुवांचं इंजिन रिकाम्या रेसला ७५० फेऱ्यांवर चालत असेल तर मिनिटाला ४,५०० ठोके, म्हणजे सेकंदाला ७५. तेच ५,५०० फेऱ्यांवर सेकंदाला ५५०.

आता मीटरला कसं कळणार की आपल्या नशिबी सहा ठोक्यांचं इंजिन आलंय की तीनचं? ते त्याला आपण सांगायचं असतं. मीटरच्या पाठीवर एक छोटं गोल बटण असतं, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचं. त्यावर काही कंपन्या ध्रुवांची संख्या छापतात (४ पी, ६ पी, १२ पी), तर काही थेट ठोक्यांची (२, ३, ४, ५, ६). हा घोळ लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण एका मीटरवरचं ‘६’ म्हणजे सहा ध्रुव, दुसऱ्यावरचं ‘६’ म्हणजे सहा ठोके, अर्थात बारा ध्रुव. मीटरचं माहितीपत्रक फेकून देणारे लोक इथे हमखास अडकतात.

या बटणाची चूक ओळखायला सगळ्यात सोपी, कारण ती नेहमी अपूर्णांकात बोलते. सहा ठोक्यांच्या इंजिनाला मीटर तीनवर लावला तर सगळीकडे दुप्पट दाखवणार, तीनच्या इंजिनाला सहावर लावला तर सगळीकडे अर्धं. रिकाम्या रेसलाही तेच प्रमाण, पूर्ण रेसलाही तेच. काटा गुळगुळीत चालतो, थरथरत नाही, कुठे अडखळत नाही. शांतपणे आणि सातत्याने चुकीचं सांगतो. रिकाम्या रेसला १,५०० दिसू लागले तर कुणाच्याही लक्षात येतं की काहीतरी बिनसलंय.

घात होतो तो पाच आणि सहाच्या गोंधळात. इंजिन सहा ठोके देणारं आणि बटण पाचवर. तर दिसणारा आकडा खऱ्याच्या १.२ पट. इंजिन प्रत्यक्षात ५,००० वर आणि काटा ६,००० वर. हा आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून कुणी शंका घेत नाही. उलट मालकाला वाटतं, पंखा हलका पडतोय, इंजिन मर्यादेच्या टोकाला जातंय. पंख्याची पिच, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल ते अंतर, एका इंचाने वाढवली की पूर्ण रेसचे फेरे साधारण १५० ते २०० ने उतरतात, हा धंद्यातला ठोकताळा. मालक दोन इंच जास्त पिचचा पंखा आणतो. आता काटा सुमारे ५,५०० दाखवतो आणि मालक खूष. प्रत्यक्षात इंजिन ४,६०० च्या आसपास रखडतंय. ज्या इंजिनाने पूर्ण रेसला ५,००० ते ६,००० च्या पट्ट्यात फिरायला हवं, ते रोज ओझ्याखाली कण्हत चालतं. सिलिंडरमध्ये कार्बन साठतो, उष्णता वाढते, ठोकणं सुरू होतं आणि एखाद्या हंगामात पिस्टन जातो. मग दोष पेट्रोलला, ऑइलला, मेकॅनिकला. पाठीमागचं ते रुपयाएवढं बटण कुणी बघतच नाही. माझ्या मते जुन्या होडीला पंखा बदलण्याआधी मीटर तपासून घेणं सक्तीचं असायला हवं.

दुसरा एक प्रकार असा की बटण बरोबर जागी आहे, पण आतला संपर्क गंजलेला. कोकणात हे फार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पर्यटकांच्या होड्याही पावसाळ्यात पाण्यात नसतात. होडी वर ओढून झापांखाली किंवा ताडपत्रीखाली ठेवली जाते आणि दोन-तीन महिने खारट दमट हवा डॅशच्या आत निवांत मुरते. नारळी पौर्णिमेनंतर किल्ली फिरवली की काटा एकदम वेगळंच बोलायला लागतो. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर ‘मीटर गेलो’ एवढंच त्याचं निदान होतं. अशा वेळी किल्ली बंद करून पाठीमागचं बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवावं आणि पुन्हा मूळ जागी नेमकं बसवावं. घासून संपर्क साफ होतो. उपाय इतका फुकट आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. पण मूळ जागेवर आधी खडूने खूण करून ठेवा, नाहीतर एक रोग बरा करताना दुसरा लावून घ्याल.

मीटरवर संशय घेण्याआधी एक प्रश्न मात्र निकालात काढला पाहिजे. काटा खोटा आहे की इंजिनच तसं फिरतंय? पंख्याच्या मध्यभागी रबरी बुश असतो. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावा म्हणून तो मुद्दाम घसरेल असा केलेला असतो. तो सैल झाला की रेस दिल्यावर इंजिन सुसाट, पंखा मात्र मागे. काटा ५,८०० वर जातो, होडी गाळात अडकल्यासारखी. इथे काटा शंभर टक्के खरं बोलतोय. वळताना किंवा लाटेवर पंख्यात हवा शिरली की क्षणभर फेरे उडतात, तेही खरंच. उलट तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले असतील, किंवा आठ माणसांच्या होडीत बारा बसवली असतील, तर फेरे चढत नाहीत, आणि तेव्हाही काट्याचा काही दोष नसतो. फरक कानाने कळतो. काटा उडाला आणि त्याच क्षणी आवाजही चढला, तर इंजिन किंवा पंखा बघा. काटा उडाला आणि आवाज जागचा हलला नाही, तर विजेच्या मागे लागा.

कान तयार नसेल तर गणित आहे, आणि हातातल्या मोबाइलमध्ये जीपीएस आहे. समजा ४० हॉर्सपॉवरचं इंजिन, गिअरचं प्रमाण २:१, पंख्याची पिच १२ इंच. होडीत दोनच माणसं. पूर्ण रेसला काटा २,७०० दाखवतो आणि जीपीएस २२ नॉट. इंजिनाचे २,७०० म्हणजे पंख्याचे १,३५० फेरे. पिच १२ इंच म्हणजे पाण्यात जराही न घसरता एका फेऱ्याला ३०.४८ सेंटिमीटर पुढे. तासाला झाले पंचवीस किलोमीटरच्या आत, म्हणजे सव्वातेरा नॉट. पंखा सव्वातेरा नॉटने ढकलतोय आणि होडी बावीसने पळतेय, हे जगात कुठेही होत नाही. आता इंजिनाचे फेरे ५,४०० धरून बघा. पंख्याचा हिशेबी वेग निघतो पावणेसत्तावीस नॉटच्या आसपास, आणि होडी बावीसने. म्हणजे सुमारे अठरा टक्के घसर. पाण्यावर तरंगत पळणाऱ्या हलक्या होडीला दहा ते वीस टक्के घसर असतेच. काटा अर्धं दाखवतोय, बटणाची जागा चुकलीय, हे किनाऱ्यावर न येताच सिद्ध झालं. खाडीत भरती-ओहोटीचा ओघ असतो, म्हणून एकदा ओघाच्या दिशेने आणि एकदा उलट जाऊन सरासरी काढावी, एवढंच पथ्य.

पाच-सहाच्या गोंधळासाठी मात्र हे गणित पुरेसं बारीक नाही. वीस टक्क्यांची चूक घसरीच्या अंदाजात लपून जाते. तिथे स्वतंत्र साक्षीदार हवा. चांगला साक्षीदार म्हणजे हातात धरायचा प्रकाशाचा टॅकोमीटर. फ्लायव्हीलच्या माथ्यावर चकचकीत पट्टीचा एक तुकडा चिकटवायचा, लेझरचा ठिपका त्यावर पाडायचा. पट्टी किती वेळा चमकली ते तो मोजतो. याला ध्रुवांशी देणंघेणं नाही. या टॅकोमीटरचीही परीक्षा घेता येते. त्यातले बरेचसे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटसमोर धरले तर ६,००० दाखवतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते, आणि शंभर गुणिले साठ म्हणजे सहा हजार. त्याच कारणाने वर्कशॉपमध्ये ट्यूबखाली इंजिन मोजताना कधी कधी इंजिनाऐवजी ट्यूबच मोजली जाते. उघड्यावर, सावलीत मोजा.

झाकण काढून चालू इंजिनाजवळ वाकायचं म्हणजे दोन गोष्टी. ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही फ्लायव्हीलजवळ जाता कामा नये. आणि इंजिन पाण्याबाहेर असेल तर पाण्याचा पाइप जोडल्याशिवाय सुरूच करू नये. पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की बघता बघता जळतो.

आता मल्टिमीटर. फोन दुरुस्तीच्या दुकानातसुद्धा मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरवर हर्ट्झ मोजायची सोय असेल, तर तोच तुमचा दुसरा आरपीएम मीटर. इंजिन रिकाम्या रेसला ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन डॅशमागे मीटरच्या सिग्नलच्या स्क्रूला. मर्क्युरी आणि जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड इंजिनांत ही वायर करड्या रंगाची असते, यामाहाच्या बऱ्याच इंजिनांत हिरवी. तरी रंगावर विसंबू नये, मागच्या मालकाच्या मेकॅनिकने हाताला लागली ती वायर जोडलेली असू शकते. बारा ध्रुवांच्या इंजिनाला हिशेब तोंडी होतो. हर्ट्झच्या आकड्याला दहाने गुणा, झाले फेरे. मल्टिमीटर ७५ दाखवतोय तर इंजिन ७५० वर. सहा ध्रुवांना वीसने गुणायचं. आणि ध्रुव किती हेच माहीत नसेल तर उलट जा. प्रकाशाच्या टॅकोमीटरने खरे फेरे काढा, हर्ट्झला साठने गुणून त्या फेऱ्यांनी भागा. जो पूर्णांक येईल तेवढे ठोके एका फेऱ्यात. बटण तिथे लावा. स्वस्त मल्टिमीटर या ओबडधोबड लहरीवर कधी कधी गोंधळतो, तेव्हा तीन-चारदा वाचून बघावं.

या एका मोजमापाने अर्धी केस निकाली निघते. मीटरच्या स्क्रूवर हर्ट्झ स्थिर आणि बरोबर, तरी काटा नाचतोय, तर बिघाड मीटरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. तिथे हर्ट्झच नाचतायत, पण इंजिनावरच्या जोडणीपाशी स्थिर आहेत, तर मधली वायर खराब. इंजिनापाशीही नाचतायत, तर कॉइल किंवा तिची एसी वीज डीसी करणारा रेक्टिफायर. पुढे जाता जाता बिघाडाला कोपऱ्यात गाठायचं.

अर्थबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण लोक सिग्नलची वायर तीनदा तपासतात आणि काळी वायर एकदाही नाही. मीटरला सगळी मोजणी आपल्या अर्थच्या स्क्रूपासून करायची असते. तो पाया हलला की सगळं हलतं. खूण सोपी आहे. दिवे लावले, पंप चालू केला किंवा वायरलेसवर बोलायला बटण दाबलं की आरपीएमचा काटा सरकतो, आणि बरोबर पेट्रोलचा, व्होल्टचा काटाही. अनेक मीटर एकदम बिघडत नसतात; त्यांची सामाईक काळी वायर बिघडते. तपासायला इंजिन चालू, दिवे चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मीटरच्या अर्थच्या स्क्रूवर. जवळपास शून्य यायला हवं. पाव व्होल्ट किंवा जास्त आलं तर वाटेत कुठेतरी कळंक चढलाय. वायरचं टोक सोलून बघा. वरचं प्लॅस्टिक छान असतं आणि आतलं तांबं काळं, भुसभुशीत, नखाने खरवडलं तरी चकाकत नाही. खारं पाणी वायरच्या आत केशाकर्षणाने हातभर चढतं, म्हणून नुसतं टोक कापून नवा लग बसवणं हा कामचलाऊपणा आहे. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जावं, जमल्यास कल्हई केलेली मरिन वायरच घालावी, आणि इन्सुलेशन टेपऐवजी आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी वापरावी. टेप दमट हवेत सुटतो आणि तोवर ओल आत धरून ठेवतो.

रेक्टिफायरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि मला विचाराल तर जास्त रंजक. कॉइलची वीज एसी, बॅटरीला हवी डीसी. हा बदल रेक्टिफायर करतो आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवायचं काम रेग्युलेटर; बऱ्याच इंजिनांत दोघे एकाच डबीत. मीटरचा सिग्नल साधारणपणे रेक्टिफायरच्या आधी, कॉइलच्या एका तारेवरून घेतलेला असतो. बॅटरी धडधाकट आणि घट्ट जोडलेली असेल तर डायोडांमुळे ठोक्याची उंची आपोआप बांधली जाते. वर बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा किंचित जास्त, खाली शून्याच्या किंचित खाली. नीट कापलेला चौकोनी ठोका, मोजायला सोपा. पण बॅटरीच्या टोकावरची पाकळीची नट सैल असली की लाटेच्या प्रत्येक हादऱ्याला बॅटरी क्षणभर तुटते. वीज कुठे जाणार? ठोका उंच उसळतो, काटा उडी मारतो, आणि अशा पाच-पन्नास उड्यांत एखादा डायोड कायमचा जातो. चालू इंजिनात बॅटरीचा मेन स्विच बंद करणं हे यापेक्षा एका पायरीने वाईट. पाकळीची नट बोटांनी आवळण्याऐवजी षटकोनी नट पान्याने आवळावी.

एक डायोड गेला तर काटा मेलेला दिसतो किंवा अवसान आल्यासारखा मधूनच वर-खाली होतो. काही रेग्युलेटर बॅटरी भरली की जास्तीची वीज थोपवायला कॉइलच्या तारा क्षणोक्षणी शॉर्ट करतात. ठोके बुटके होतात आणि जुना, कमी संवेदनशील मीटर त्यांतले काही गाळतो. मग सकाळी सुरुवातीला बरोबर चालणारा काटा तासाभराने कमी दाखवू लागतो, आणि दिवे किंवा पंप लावला की पुन्हा ताळ्यावर येतो. मालक म्हणतो, मीटर तापतो म्हणून असं होतं. मीटर तापत नाही, बॅटरी भरते.

म्हणून काटा पडला की पुढचं मोजमाप बॅटरीच्या टोकांवर. इंजिन अडीच-तीन हजारांच्या अंदाजाने चालवा आणि व्होल्ट बघा. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक, वायरिंग शोधा. बारा-सव्वाबारावरच अडकलं असेल तर कॉइल किंवा रेक्टिफायर गेलाय, आणि मीटर बंद पडणं हे त्याचं पहिलं लक्षण होतं. पंधराच्या वर चढत असेल तर रेग्युलेटर हाताबाहेर गेलाय. बॅटरीचं पाणी आटेल, बाकीची उपकरणंही जातील. इलेक्ट्रिक स्टार्टच्या होडीत मेलेल्या काट्याकडे ‘चालतंय की’ म्हणून दुर्लक्ष करणारा माणूस एका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी किल्ली फिरवतो आणि नुसता टक् आवाज येतो. इंजिन बघायचं राहिलं तर राहू द्या, पण हे व्होल्टचं मोजमाप त्याच दिवशी करा.

स्पार्कप्लगचाही कधी कधी हात असतो. प्लगमधून उडणारी ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच. तो आवाज दाबायला अनेक प्लगांत रोधक बसवलेला असतो. एनजीकेच्या नंबरात ‘आर’ अक्षर असलं तर तो रोधकवाला. पुस्तकात रोधकवाला सांगितला असताना दुकानदाराने दुसरा दिला की जुना काट्याचा मीटर काही बोलत नाही, पण आकडे दाखवणारा डिजिटल मीटर वाटेल ते दाखवतो. मीटरची वायर प्लगच्या जाड वायरला खेटून गेली असेल तर आणखीच.

टिलरच्या लहान इंजिनांवर हल्ली प्लगच्या वायरला एक बारीक तार गुंडाळून चालणारा छोटा मीटर बसवतात. त्याची गोम वेगळी. वेढे कमी तर ठोके हुकतात, जास्त तर एका ठिणगीचे दोन मोजले जातात. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला ठिणगी, फोर-स्ट्रोकमध्ये खरी गरज दोन फेऱ्यांना एकदा. पण अनेक फोर-स्ट्रोक दर फेऱ्याला ठिणगी टाकतात आणि एक वाया घालवतात. काही दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्ये एकच कॉइल दोन्ही प्लगांना एकदम ठिणगी देते, म्हणून एका प्लगवर फेऱ्याला दोन. मीटरच्या मेन्यूत ही निवड करायची असते, आणि चुकली की पुन्हा तेच दुप्पट-अर्ध्याचं गणित. नव्या, संगणकावर चालणाऱ्या मोठ्या इंजिनांत क्रँकजवळचा सेन्सर फेरे मोजतो आणि आकडा नेटवर्कवरून डॅशला येतो. तिथे आकडा बहुधा बरोबर तरी असतो किंवा येतच नाही.

हे सगळं तपासून झालं आणि बोट मीटरकडेच वळलं, तर फेकण्याआधी त्याची टेबलावर परीक्षा घ्या. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झच्या अगदी जवळ राखलेली असते. सेकंदाला पन्नास ठोके, मिनिटाला तीन हजार. घंटेसाठी वापरतात तसला, एसी देणारा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. मोबाइलचा चार्जर चालणार नाही, तो डीसी देतो. आणि घरचा करंट थेट लावण्याचा विचारही नको. मीटरला बॅटरीवरून १२ व्होल्ट आणि अर्थ द्या. ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टच्या बाजूचं एक टोक अर्थला, दुसरं सिग्नलला. बटण सहा ठोक्यांवर असताना बहुतेक मीटरांत काटा ५०० वर यायला हवा, पाचवर ६००, चारवर ७५०, तीनवर १,०००, दोनवर १,५००. सगळीकडे बरोबर आला तर मीटर निर्दोष, पुन्हा वायरिंगकडे जा. एकाच जागी चुकला तर बटणाचा तो संपर्क गेलाय. सगळीकडे कमी-जास्त किंवा अडखळत आला, काच आतून धुरकट असेल, टिचकी मारल्यावर काटा सरकत असेल, तर मात्र त्याचं आयुष्य संपलं.

नवा आणलात की बटण डॅशमध्ये बसवण्याआधी लावा. एकदा मीटर बसला, मागची कंस पट्टी आवळली, की त्या बटणापर्यंत हात पोचत नाही. किती ठोक्यांवर लावलंय ते मीटरच्या पाठीवर पक्क्या शाईने लिहून ठेवा, आणि इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही.